पाण्याला डोळे नसतात

वैशाखात वाशीमला जाऊ नये, असे आपल्याला कोणीही सांगेल. मी मात्र वैशाखातच जा असे सुचवेन. फक्त गावात पहाटे पोहोचावे. अमरावतीहून कारंजा, मंगरूळपीर करीत येणारा रस्ता ज्या पठारावर चढतो, ते पठार म्हणजे पावसाच्या पाण्याची वाटणी करणारा एक मोठा बांधच आहे. उत्तरेकडचे पाणी काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेला आणि पुढे तापीला जाऊन मिळते. दक्षिणेकडचे पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. जेथून पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाते, तेथे माणसाला ते अडवून, बांधून, जपून ठेवावे लागते. म्हणूनच की काय, या नगरीत पूर्वी एकशे आठ तीर्थे होती असे परंपरा सांगते. बालाजी मंदिराशेजारचा देव तलाव आणि गावाच्या उत्तर भागातील पद्मतीर्थ ही त्यांपैकी आजही सहज दिसणारी जलस्थाने.

पद्मतीर्थ विष्णूने निर्माण केले, अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या मध्यभागी महादेवाचे मंदिर, आत काळ्या पाषाणाची पिंड आणि काठावरून मंदिराकडे नेणारा पूल. उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर पडण्याच्या सुमारास आपण तेथे उभे राहिलात, तर स्नानाला आलेल्या पुरुषांच्या दोन पिढ्या एका दृष्टिक्षेपात दिसतील. सत्तरीचे गृहस्थ धोतर फेडून घडी करून पायरीवर ठेवतात आणि लंगोटावर किंवा आखूड पंचावर, जराही न अवघडता, पाण्यात उतरतात. विशी-पंचविशीतले तरुण मात्र गुडघ्याखाली पोहोचणारी, खिशाखिशांची बर्मुडा नेसून, कित्येकदा टी-शर्टसह डुबकी मारतात आणि बाहेर आल्यावर बराच वेळ ते ओझे पिळत उभे राहतात.

माझा तेरा वर्षांचा मुलगा तर पाण्यात उतरलाच नाही. पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. ‘‘बाबा, मी शर्ट नाही काढणार. सगळे बघतात.’’

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. कारण नेमके तेच वाक्य, याच जिल्ह्यात, एका विहिरीच्या काठावर, चाळीस वर्षांपूर्वी मी उच्चारले होते आणि त्याची किंमत माझ्या प्राणाने दिली जाण्याची वेळ आली होती.

नाडीची गाठ

माझे आजोळ वाशीमजवळच्या एका खेड्यात. १९८४ च्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांचा होतो. मामांच्या मळ्यातील विहिरीला निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. गावातली पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून तेथे पोहायला शिकत. तीन दिवसांत माझाही भोपळा सुटला. परंतु माझ्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या आणि पोरे त्या मोजतही. म्हणून मी अंगात सदरा ठेवी, खाली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी आणि तिच्यावर आणखी एक ढगळ अर्धी विजार.

चौथ्या दिवशी वरच्या पायरीवरून उडी मारली. पाण्याच्या धक्क्याने विजार खाली सरकली, आतल्या चड्डीची नाडी सैल झाली आणि दोन्हींचा घोळ गुडघ्यांभोवती गुंडाळला गेला. पाय मारावेत तर ते बांधलेले. सदरा फुगून तोंडावर आलेला. ओरडण्यासाठी तोंड उघडले आणि पाणी आत गेले. त्यानंतरचे मला आठवते ते केवळ केसांना बसलेला हिसका. मामांनी मला केसांना धरून पायरीवर ओढले होते.

ते रागावले नाहीत. खोकला थांबेपर्यंत पाठीवर थापट्या मारीत राहिले. मग मोटरीच्या खोपीत जाऊन खुंटीवरचा लाल लंगोट घेऊन आले आणि तो कसा बांधायचा, हे त्यांनी मला तेथेच शिकवले. मी अंग चोरीत होतो.

‘‘कायले लाजतं बे? पान्याले डोये नसतेत,’’ मामा म्हणाले.

‘‘माणसांना असतात ना, मामा.’’

‘‘मानसाचे डोये तुले पान्यातून काढत नाही.’’

पाणी आणि कापड

मामांचे बोलणे अनुभवाचे होते. त्यामागचे कारण मला पुढे कळले. ओले कापड दगडासारखे तळाशी ओढते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. कापडाने शोषलेले पाणी भोवतालच्या पाण्याइतकेच जड असल्यामुळे पाण्यात असेपर्यंत त्याचे वजन जाणवत नाही. घात होतो तो तीन निराळ्या कारणांनी. सैल कापडाच्या घोळात पाणी अडकते आणि पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर तेही ढकलावे लागते, त्यामुळे दम लवकर संपतो. तो घोळ मांड्यांना आणि गुडघ्यांना गुंडाळतो. आणि काठावर चढताना अडकलेले सारे पाणी एकदम ओझे होऊन अंगावर येते. नेमके तेव्हाच हातांतले बळ संपत आलेले असते. जीन्स किंवा जाड सुती विजार घालून नदीत उतरणाऱ्या तरुणांच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

स्पर्धेत पोहणाऱ्यांना हे इतके पक्के ठाऊक असते, की ते सरावाच्या वेळी मुद्दाम घट्ट चड्डीवर एक सैल चड्डी चढवतात. पैलवानाने वजन घेऊन बैठका माराव्यात, तसा हा प्रकार. आपली मुले हौसेने जे घालून पोहायला शिकतात, ते जाणकारांच्या लेखी अडथळा वाढवण्याचे साधन आहे!

याउलट, अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखाने किती फरक पडतो, हे जगाने २००९ मध्ये रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पाहिले. पॉलियुरेथेनचे अंगभर पोशाख घातलेल्या स्पर्धकांनी तेथे ४३ विश्वविक्रम केले. शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेला १ जानेवारी २०१० पासून नियम करावा लागला, की पुरुषांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंतच आणि विणलेल्या कापडाचाच असावा. तेव्हापासून मोठमोठ्या स्पर्धांत पुरुष पुन्हा उघड्या छातीने, घट्ट आखूड चड्डीत पोहू लागले.

मग ही ढगळ अर्धी विजार पाण्यात आली कशी? ती मुळात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांची. फळीवर बसता-उठताना मांड्यांची कातडी सोलवटू नये, म्हणून त्यांना गुडघ्यापर्यंत कापड हवे असते. ज्यांच्यासाठी ती शिवली गेली, त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. चित्रपटांनी आणि दुकानांनी तिला ‘पोहण्याचा पोशाख’ करून टाकले, एवढाच घोटाळा. फ्रान्समधील बहुतेक सार्वजनिक तरणतलावांत तर पुरुषांना अशी सैल विजार घालून उतरूच देत नाहीत. रस्त्यावर, बागेत, बसमध्ये वापरलेला कपडा धूळ आणि घाम घेऊन पाण्यात येतो. त्या मळाशी झुंजण्यातच पाण्यातील क्लोरीन खर्ची पडते, हा त्यामागचा विचार. आपल्याकडील अनेक तलावांवर ‘सुती कपडे चालणार नाहीत’ अशी पाटी असते, तीही याच कारणाने. तिला छळ समजू नये.

लंगोटाचे शास्त्र

वाशीमला येताना आम्ही अमरावतीत थांबलो होतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभी केलेली संस्था मुलाला दाखवायची होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मल्लखांबाजवळ मुलगा बराच वेळ रेंगाळला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी नव्याने रुजवलेल्या या व्यायामात खांब उघड्या मांड्यांनी आणि दंडांनी पकडावा लागतो. तेथे एक वीत कापड जास्त झाले, तर पकड सुटते. कुस्तीतही तेच. लंगोट हा दारिद्र्याचा पोशाख नव्हे. शरीराला काम करायचे आहे, त्याच्या वाटेतून कापड बाजूला घेण्याची ती एक विचारपूर्वक केलेली सोय आहे.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. कामाला सिद्ध होणे म्हणजे ‘कंबर कसणे’, ‘लंगोट कसणे’. बालपणापासूनचा जिवलग तो ‘लंगोटीयार’; ज्याच्यासमोर आपल्याला शरीराची लाज वाटली नाही, असा मित्र. आणि वाशीमला तर यापेक्षाही जुनी साक्ष आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे खोदवले. अजिंठ्याच्या भिंतींवरील पुरुष कधी या दृष्टीने पाहा. गळ्यात मोत्यांचे सर, मस्तकी मुकुट, छाती उघडी आणि कमरेला मांडीवर संपणारे, अंगालगत बसणारे पट्टेदार वस्त्र. त्या राजपुरुषांना आपल्या देहाचा संकोच वाटला असेल, असे ती चित्रे पाहून मुळीच वाटत नाही.

ओल्यासाठी घट्ट, कोरड्यासाठी सैल

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. नाहीतर आपण हा लेख वाचून दिवसभर घट्ट कपड्यांत वावरू लागाल. जो पोशाख पाण्यात उत्तम, तोच पाण्याबाहेर तासभर अंगावर राहिला, तर अपाय करतो. जांघेची त्वचा एकमेकींवर घासणारी, घामट आणि उबदार असते. तेथे ओल टिकली की बुरशीला आयते शेत मिळते. गोल कडांचा, खाजरा, पसरत जाणारा नायटा किंवा गजकर्ण ही आज घरोघरची तक्रार झाली आहे. त्यातही मोठी चूक म्हणजे दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉईड मिसळलेली मलमे. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत फोफावते आणि मग चिवट होते. असा चट्टा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावा आणि सांगितले असेल तितके दिवस औषध पूर्ण करावे. घरात एकाला झाला असेल, तर टॉवेल आणि चड्ड्या वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट तरुण पुरुषांसाठी. वृषणांचे कार्य नीट चालण्यासाठी त्यांचे तापमान शरीराच्या आतील तापमानाहून दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. निसर्गाने त्यांना शरीराबाहेर ठेवले आहे ते यासाठीच. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की नेहमी सैल अंतर्वस्त्र वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते. घट्ट कपडे वापरणाऱ्यांचे प्रमाणही सर्वसाधारणपणे निरोगी मर्यादेतच होते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभर सैल, सुती आणि कोरडे वापरावे, यात शंका नको. आपल्या आजोबांचा दिनक्रम आठवा: आखाड्यात किंवा पाण्यात लंगोट, आणि काम आटोपताच सैल धोतर. दोन्ही वस्त्रे आपापल्या जागी बरोबर होती.

आणि एक समज दूर करतो. लंगोट बांधल्याने हर्निया होत नाही, असे अनेक जुनी माणसे सांगतात. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतला भाग पुढे येणे. लंगोटाने आधार मिळेल, परंतु ती भिंत मजबूत होत नाही आणि झालेला हर्निया बराही होत नाही. जांघेत फुगवटा दिसला, तर शल्यचिकित्सकांकडे जावे. फुगवटा कडक होऊन असह्य दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी जावे.

लाज कोठून येते

आता पुन्हा पद्मतीर्थाच्या पायरीवर येऊ या. माझा मुलगा शर्ट का काढीत नव्हता, हे त्या दिवशी दुपारी, बाजेवर पडल्या पडल्या त्याने सांगितले. पोहण्याच्या वर्गातील मुलांनी त्याच्या छातीवरून त्याला नाव ठेवले होते. ते नाव मी येथे लिहीत नाही. अशी नावे आपणही शाळेत ऐकली असतील, दिलीही असतील.

वाचकहो, आपल्या घरात या वयाचा मुलगा असेल, तर एवढे जाणून घ्या. पौगंडावस्थेत साधारण निम्म्या मुलांच्या छातीत, स्तनाग्राखाली, तात्पुरती वाढ होते. संप्रेरकांच्या बदलत्या प्रमाणाचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप ओसरते. वाढ फार असेल, दुखत असेल, एकाच बाजूला कठीण गाठ लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. एरवी मुलाला समजावून सांगणे हेच औषध. दुर्दैव असे, की मुलीच्या वयात येण्याविषयी आई तिच्याशी काहीतरी बोलते. मुलाशी बाप बोलतच नाही. मग मुलगा पाण्याजवळ जाण्याचेच सोडून देतो. पोहता न येणारा मुलगा नदी-तलावांच्या मुलखात वाढतो, ही त्या न बोललेल्या शब्दांची फार मोठी किंमत आहे.

मी त्याला सारे सांगितले. माझ्या बरगड्यांविषयीही सांगितले. तो हसला, पण शर्ट काढीन असे काही म्हणाला नाही. मीही आग्रह धरला नाही. आखूड कपडा घालण्याची सक्ती ही अंग झाकण्याच्या सक्तीइतकीच वाईट. कोणाला श्रद्धेमुळे, कोणाला भाजल्याच्या वा शस्त्रक्रियेच्या खुणांमुळे अंग झाकावेसे वाटते. त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतची परंतु अंगालगत बसणारी चड्डी आणि तसाच घट्ट सदरा मिळतो. कापड किती आहे, यापेक्षा ते सैल लोंबत नाही ना, हे महत्त्वाचे.

पुन्हा विहिरीवर

संध्याकाळी मामांच्या मळ्यात गेलो. मामांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. विहिरीच्या कठड्याला दोर बांधलेला, हवा भरलेली ट्यूब पाण्यात सोडलेली. शेजारच्या शेतात नवे शेततळे झाले आहे. मुलाने तिकडे बोट दाखवताच मामांनी मान हलवली. आपणही हे लक्षात ठेवा: शेततळ्याचे प्लास्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथून दोराशिवाय वर येऊ शकत नाही. शेततळे पोहण्यासाठी नाहीच.

मामांनी बंडी काढली, धोतर फेडले. सुरकुतलेले पोट, ओघळलेली छाती आणि जांघेवर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण. आयुष्यभर लंगोट बांधूनही सहा वर्षांपूर्वी त्यांना हर्निया झाला होता. मुलगा त्या व्रणाकडे पाहत राहिला.

‘‘दुखते का, आबा?’’

‘‘थंडीत जरासं.’’ एवढे बोलून मामा कठड्याला धरून पायऱ्या उतरले आणि पाण्यात पाय सोडून बसले.

मुलगा काही वेळ उभा होता. मग त्याने बर्मुडा काढली. आत, अमरावतीत घेतलेली अंगालगत बसणारी निळी चड्डी होती. ती त्याने सकाळपासून घातलेली होती, हे मला तेव्हा कळले. टी-शर्ट डोक्यावरून काढून त्याने तो माझ्या हातात दिला, माझ्याकडे न पाहता, आणि ट्यूबच्या दिशेने उडी घेतली.

अंधार पडण्याआधी आम्ही निघालो. मुलाने कोरडी, सैल विजार घातली होती. बाहेर निंबाच्या फांदीवर दोन वस्त्रे वाळत होती: एक लाल लंगोट आणि एक निळी चड्डी. वैशाखाच्या वाऱ्यात दोन्ही आधीच निम्म्या वाळल्या होत्या. बर्मुडा मात्र मुलाने खोपीतच विसरून ठेवली, आणि मीही आठवण केली नाही.

पाण्यावर जाण्यापूर्वी

• चड्डी कमरेला घट्ट, खिसे नसलेली आणि नायलॉन वा तत्सम, लवकर वाळणाऱ्या कापडाची घ्यावी. नाडी असल्यास आतून पक्की बांधावी.

• पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुवावे. बाहेर आल्यावर पुन्हा धुऊन जांघा आणि बोटांची बेचके कोरडी पुसावीत.

• ओली चड्डी लगेच बदलावी, रोज धुवावी आणि उन्हात वाळवावी.

• अंगावर उघडी जखम असेल, तर साचलेल्या पाण्यात उतरू नये.

• उघड्या अंगाने पोहायचे ते सकाळी किंवा सायंकाळी. दुपारचे ऊन टाळावे.

• काठावर पोहता येणारा एक मोठा माणूस आणि हाताशी दोर, याशिवाय मुलांना विहिरीत सोडू नये.